आधी दवाखाना, मग कार्ड

आमचे थोरले चुलते माणदेशातल्या एका वाडीत राहतात. भावकीत सगळे त्यांना आण्णा म्हणतात. बारा वर्षांपूर्वी त्यांना साखर निघाली. तेव्हा सहा मैलांवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून महिन्याच्या गोळ्या मिळायच्या. सकाळच्या एसटीने जायचं, केसपेपर काढायचा, डॉक्टर असले तर दाखवायचं, नसले तर सिस्टरांकडून गोळ्या घेऊन दुपारच्या गाडीने परत यायचं. काही वर्षं हे बरं चाललं. मग गोळ्या एका महिन्याला असायच्या, दोन महिने नसायच्या. ‘स्टॉक आला नाही, बाहेरून घ्या’ हे वाक्य कायमचं झालं. दिवसाची मजुरी बुडायची, तिकिटाचे पैसे जायचे, वर मेडिकलमधून गोळ्या विकत घ्यायच्या. आण्णांनी आधी दवाखान्यात जाणं सोडलं, मग गोळ्या सोडल्या. ‘दुखत तर काय न्हाई, मग कशाला?’ असं म्हणायचे. साखर दुखत नाही, आणि तीच तिची खोड आहे.

दोन वर्षांपूर्वी ज्वारी काढताना त्यांच्या पायाला सड लागला. जखम भरेना. आधी हळद लावली, मग गावातल्या डॉक्टरकडून इंजेक्शनं झाली, मग तालुक्याच्या एका खाजगी रुग्णालयात डिपॉझिट भरून आठ दिवस काढले. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी. तोवर बोटं काळी पडली होती. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून झाली, तिचा एक रुपयाही घरातून गेला नाही, हे मी मुद्दाम लिहितो. कारण योजनेचं जे श्रेय आहे ते तिला द्यायलाच हवं. त्याआधीच्या तीन आठवड्यांत मात्र एक म्हैस आणि दोन शेरडं विकून झाली होती. आणि पाय गेला तो गेलाच.

दोन-अडीच रुपयांची गोळी वेळेवर मिळाली असती तर हा पाय बहुधा राहिला असता. पाय कापायची वेळ आली तेव्हा पाच लाखांचं संरक्षण देणारं कार्ड खिशात होतं, पण ज्या दवाखान्याने पाय राखायचा, त्याचं कपाट रिकामं होतं. गेली दोन वर्षं हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. सरकारी दवाखाना वाचवा, एवढंच मागायला मी हे लिहितो आहे. आरोग्याच्या खर्चावरचे बाकीचे सगळे उपाय त्याच्यावर उभे आहेत. तो खचला तर कार्ड हातात राहील आणि ते दाखवायला जागा राहणार नाही.

कार्डाचा इतिहास आपल्याकडे फार जुना नाही. जुलै २०१२ मध्ये राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती सगळ्या महाराष्ट्रात पोचली. दीड लाखापर्यंतचा खर्च, ९७१ उपचार. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. २०२३ मध्ये राज्याने आपली योजनाही पाच लाखांपर्यंत वाढवली आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची अट काढून ती सगळ्या कुटुंबांना खुली केली. हृदयाच्या झडपा, किडनीचं डायलिसिस, कॅन्सरची केमोथेरपी, लहान मुलांची ऑपरेशनं अशा गोष्टींसाठी ज्या घरांना पूर्वी जमीन गहाण टाकावी लागे, त्यांतली कितीतरी घरं या योजनांनी सावरली. ते कुणी नाकारू नये.

पण ही योजना दारात कधी येते ते पाहा. माणूस रुग्णालयात भरती झाल्यावर, आणि तेही ठरवून दिलेल्या यादीतल्या उपचारासाठी. रोजचा ताप, खोकला, बीपी, साखर, दमा, फिट, बाळंतपणाआधीच्या तपासण्या, मुलांचा जुलाब, म्हातारपणाची सांधेदुखी या कशाला ती लागू नाही. आणि घराचा पैसा गळतो तो मुख्यतः इथेच, औषधांच्या दुकानात आणि लॅबच्या काउंटरवर. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून दिलेला वाटा ६४ टक्क्यांच्या वर होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. तरीही रुपयातले ३९ पैसे माणूस आजारी असताना, त्याच वेळी, त्याच काउंटरवर मोजतो. कर्ज निघतं ते याच ३९ पैशांसाठी.

दुसरी गोष्ट अशी की कार्ड रुग्णालय बांधत नाही. ते असलेल्या रुग्णालयात चालतं. अंगीकृत खाजगी रुग्णालयं जिथे धंदा आहे तिथेच आहेत, म्हणजे पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर. अक्कलकुव्याच्या डोंगरात, भामरागडच्या जंगलात, मेळघाटात पाच लाखांच्या कार्डाने काय विकत घ्यायचं? तिथे पावसाळ्यात नदी ओलांडून जे पोचतं ते सरकारी उपकेंद्र असतं, तिथली नर्स असते आणि पाड्यावरची आशा असते. आणि शहरातसुद्धा नातेवाइकांना काय काय ऐकावं लागतं ते ज्यांनी ऐकलं आहे त्यांना माहीत आहे. ‘अप्रूव्हल आलं नाही.’ ‘हे पॅकेजमध्ये बसत नाही.’ ‘योजनेचे बेड भरले.’ ‘तोवर डिपॉझिट भरा, मग बघू.’

नोकरदार मध्यमवर्गीय वाचकाला वाटेल की हा प्रश्न आपला नाही, आपण विमा काढलेला आहे. त्यांनी आपला पन्नाशीतला हप्ता आणि पासष्टीतला हप्ता शेजारी ठेवून बघावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला, ती सवलत चांगलीच आहे. पण हप्ता ठरतो तो रुग्णालयाच्या बिलावर, आणि बिलाला आपल्याकडे लगाम नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, बाळंतपण सोडून एका वेळच्या भरतीचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये निघाला होता आणि खाजगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये. म्हणजे सातपट. आकडे जुने झाले, बिलं वाढली, पण या दोन खर्चांतली दरी प्रत्येक घराला ठाऊक आहे. गावात एक चांगलं सरकारी रुग्णालय असलं की शेजारच्या खाजगी रुग्णालयाला बिल लिहिताना त्याचा विचार करावा लागतो. ते मोडलं की कशाचाच विचार करावा लागत नाही. मग विमा कंपनी हप्ता वाढवते, आणि आपण नशिबाला बोल लावतो.

लगाम लावता येतो, हे आपण याच राज्यात पाहिलं आहे. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, सरकारने खाजगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांवर दर बांधून दिले. साध्या वॉर्डाला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटर असेल तर ९,०००. ते सगळीकडे पाळले गेले असं नाही. पण बिलं तपासायला लेखापरीक्षक बसले, जादा घेतलेले पैसे काही ठिकाणी परत करावे लागले, आणि हातात शासनाचा कागद असलेला माणूस काउंटरवर वाद घालू शकला. साथ ओसरली आणि तो कागदही ओसरला. २०२१ च्या जानेवारीत शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती झाली. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद खाजगी रुग्णालयात दिसेल अशी लावलीच पाहिजे, असा नियम आजही आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा भिंतीवर शोधा. नसेल तर विचारा.

विमा वाईट नाही. त्याच्या मागे दवाखाना उभा आहे की नाही, हा प्रश्न आहे. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली तेव्हा कामगाराच्या पगारातून आणि मालकाच्या वर्गणीतून निव्वळ बिलं भागवली गेली नाहीत, दवाखाने आणि रुग्णालयं बांधली गेली. परळ-वरळीच्या गिरणगावात कामगाराचं स्वतःचं रुग्णालय उभं राहिलं ते त्यातूनच. या रुग्णालयांची आजची दशा हा वेगळा, दुखरा विषय आहे.

त्याहून मला जवळची वाटते ती सेवाग्रामची गोष्ट. तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. उल्हास जाजू यांनी वर्ध्याच्या खेड्यांत ज्वारीचा विमा उभा केला. सुगीच्या वेळी गावकऱ्यांनी हप्ता म्हणून ज्वारी द्यायची. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त, भूमिहीनाने थोडी. गावातली बहुतेक घरं आली तरच गाव घ्यायचं, चार सधन घरांसाठी नाही. त्या ज्वारीतून गावातली आरोग्यसेवा चालायची आणि दुखणं वाढलं की कस्तुरबा रुग्णालयाचं दार उघडं असायचं. ते रुग्णालय सरकारी नाही, संस्थेचं आहे. पण गाव आणि रुग्णालय एकमेकांना बांधलेले होते. पायली-दोन पायली ज्वारी देणाऱ्या बाईला ते रुग्णालय आपलं वाटायचं आणि तिथे काही चुकलं तर ती बोलायची. पाच लाखांच्या कार्डाने आपल्याला असा अधिकार वाटतो का? मला नाही वाटत. कार्ड हातात घेऊन आपण याचकासारखे उभे असतो.

सरकारी दवाखाना म्हणजे फक्त गरिबाची सोय, असं समजणाऱ्यांनी बिरवाडीला जाऊन यावं. रायगड जिल्ह्यातलं महाडजवळचं गाव. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून माणसं मरत होती, मुलं जास्त. घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे, छातीत पाणी व्हायचं, आणि सकाळपर्यंत पोर जायचं. गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस दगावायचे. पुस्तकात यावर धड काही लिहिलेलं नव्हतं. हा डॉक्टर रात्ररात्र रुग्णाच्या उशाशी बसला, नाडी आणि रक्तदाब टिपत राहिला, टिपलेलं ‘लॅन्सेट’ला कळवत राहिला. महाड-पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यांत झालेल्या त्या कामातून प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध विंचूदंशावर चालतं हे सिद्ध झालं आणि मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. जगभर त्याची नोंद झाली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मोठ्या शहरातल्या वातानुकूलित रुग्णालयाला हा शोध लागणं शक्य नव्हतं. तिथे विंचू चावलेलं शेतमजुराचं पोर पोचलंच नसतं. ते जिथे पोचत होतं तिथे कुणीतरी जागा होता, म्हणून शोध लागला. आणि तिथे तो जागा होता, कारण आरोग्य केंद्र होतं, पगार होता, रुग्णाकडे पैसे आहेत का हे न विचारता त्याला आत घ्यायची रीत होती.

ही रीत आभाळातून पडलेली नाही. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, त्यात पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये हे तत्त्व मांडलं आणि खेड्यापाड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रांचं जाळं सुचवलं. आज तीस हजार लोकवस्तीमागे एक केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात अनुक्रमे वीस आणि तीन हजारांमागे, हे जे गणित आहे त्याचं मूळ तिथे आहे. मुंबईत त्याही आधी, १९२६ मध्ये, परळला केईएम उभं राहिलं. त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी अट घातली होती की इथे शिकवायला भारतीय डॉक्टरच नेमले जातील. गुलामीच्या काळात ही मंडळी इतक्या ताठ मानेने रुग्णालय बांधत होती. आज केईएमच्या फुटपाथवर बिहारपासून सिंधुदुर्गापर्यंतचे नातेवाईक चादर अंथरून झोपलेले असतात. त्यांना तिथे यावं लागतं ही आपली शरम आहे, आणि आल्यावर आत घेतलं जातं ही आपली पुंजी आहे.

ही पुंजी कशी उधळली जाते आहे ते आता सांगतो.

जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात अठरा रुग्ण गेले. ऑक्टोबर सुरू होताना नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बाळं होती. त्यानंतर एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं आणि त्याचं चित्रण राज्यभर फिरलं. शौचालय घाण होतं हे खरं असेल. पण सफाई कामगारांच्या, परिचारिकांच्या, डॉक्टरांच्या जागा भरणं अधिष्ठात्यांच्या हातात नसतं. औषधखरेदीचा निर्णय त्यांच्या टेबलावर होत नाही. खाटा पाचशे आणि रुग्ण हजार असले तरी ‘जागा नाही’ म्हणून दार लावण्याची मुभा त्यांना नसते. आजूबाजूच्या खाजगी रुग्णालयांनी पैसे संपल्यावर शेवटच्या घटकेला पाठवलेला रुग्णही तिथेच येतो, आणि त्याचा मृत्यूही सरकारी खात्यावरच लिहिला जातो. तो राग ज्यांच्यावर काढायला हवा होता ते मंत्रालयात आणि विधिमंडळात बसतात. डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात कॅगनेही राज्याच्या आरोग्यसेवेतली डॉक्टर, परिचारिका आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांची तूट नोंदवली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना २०२० पर्यंत अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करायला सांगितलं होतं. देशातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेलं हे राज्य त्या आठ टक्क्यांपासून अजून लांब आहे.

आणि मग, वर्षानुवर्षं उपाशी ठेवलेल्या माणसाला ‘याच्यात काम करायची ताकदच नाही’ म्हणावं, तसं सरकारी रुग्णालयाबद्दल म्हटलं जातं. उत्तर म्हणून ‘भागीदारी’ पुढे येते. इमारत लोकांची, जमीन लोकांची, चालवायला खाजगी संस्था. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमधून महापालिकेच्या रुग्णालयांबाबत अशा प्रस्तावांना लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. त्यांना मोठी अर्थशास्त्रीय भाषणं करावी लागली नाहीत. टीबीच्या रुग्णाचं, दारू पिऊन पडलेल्या माणसाचं, कागदपत्रं नसलेल्या बाईचं काय होईल, एवढंच ते विचारत होते. करारात या रुग्णांमधून नफा दिसत नाही. म्हणून त्यांच्या खाटा आधी कमी होतात. एकदा हातचं गेलेलं रुग्णालय परत मिळवणं किती अवघड, हे धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत आपण पाहतोच. सवलतीची जमीन आणि करमाफी घेतलेल्या या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्यात असा कायदा आहे, उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना आहे, आणि तरी त्या खाटेसाठी आमदाराची चिठ्ठी शोधत फिरणारे लोक प्रत्येक शहरात आहेत.

चांगलंही घडतं, आणि ते हातचं जाऊ नये म्हणून तर हा सगळा आटापिटा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्या-उपचारांपर्यंत सगळं निःशुल्क झालं. उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत. देशात थोड्याच राज्यांनी हे केलं आहे. पण फी माफ करून कपाट रिकामं ठेवलं तर माणूस पुन्हा मेडिकलच्याच दारात जातो, आण्णांसारखा.

कपाट भरण्याचा मार्ग दुसऱ्या एका राज्याने तीस वर्षांपूर्वी काढला. तमिळनाडूने औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ नेमलं, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं बांधली आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक दिलं. तुमच्या नावावर इतक्या रकमेची औषधं आहेत, लागतील तशी उचला, नोंद करा. ज्या गोळ्या तिथे खपतात त्याच तिथे जातात. साठा किती उरला ते वर बसलेल्याला दिसतं. यात जादू कसलीच नाही. महाराष्ट्रात २०१७ मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली, दिरंगाईच्या तक्रारी थांबल्या नाहीत, आणि २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. कायदा झाला आहे, प्राधिकरण आहे. आता ते गोळी उपकेंद्रापर्यंत पोचवतं की नाही, हे पाहायला कुणीतरी हवं.

ते कुणीतरी म्हणजे आपण. ही मी हवेतली गोष्ट सांगत नाही. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ ही संस्था आणि गावोगावच्या संघटना त्यात होत्या. गावकरी एकत्र बसून आपल्या आरोग्य केंद्राला गुण द्यायचे. लसीकरण झालं का, रुग्णवाहिका मिळाली का, बाहेरची चिठ्ठी दिली का, पैसे मागितले का. मग जनसुनवाई व्हायची. मांडवाखाली एका बाजूला बायाबापड्या, दुसऱ्या बाजूला तालुक्याचे आणि जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी. आयुष्यात कधी माइक न धरलेल्या बाईने ‘माझ्याकडून दीडशे रुपये घेतले’ म्हणून सांगायचं आणि अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. बंद पडलेली उपकेंद्रं अशा दबावाने उघडली, बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या. आणि एक गोष्ट त्या बैठकांत हटकून व्हायची: चांगले डॉक्टर उठून सांगायचे की आमची जीप दोन वर्षं बंद आहे, आमच्या क्वार्टरला पाणी नाही. मग गाव त्यांच्या बाजूने उभं राहायचं. डॉक्टरला मारहाण झाल्याच्या बातम्या वाचतो तेव्हा मला त्या मांडवांची आठवण होते. ज्या गावाला प्रश्न विचारायची जागा असते त्याचा हात उठत नाही.

तेव्हा माझी विनंती आहे, आणि ती प्रत्येकाला वेगळी आहे.

गावात राहणाऱ्याने आरोग्य केंद्रात जाणं सोडू नये. आण्णांनी सोडलं, त्यांच्यासारख्या आणखी शंभरांनी सोडलं, आणि ‘रुग्णच येत नाहीत’ म्हणून मागणी आणखी कमी झाली. ओपीडीच्या वहीतला तुमचा नंबर हे एक मत आहे, ते टाका. औषध मिळालं नाही तर ‘साठा उपलब्ध नाही’ असं केसपेपरवर लिहून मागा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. तुमच्या गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर आहेच, आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे. या समित्यांवर कोण आहे ते विचारा आणि नुसत्या सह्या होत असतील तर तिथे जाऊन बसा. आशाताई संपावर जातात तेव्हा त्यांच्यामागे उभे राहा. २०२३-२४ मध्ये त्या आझाद मैदानात बसल्या होत्या तेव्हा आपल्यातले किती जण गेलो होतो?

शहरातल्या, विमा असलेल्या वाचकाला माझं सांगणं असं, की तुमचा आवाज मंत्रालयात ऐकू जातो, आण्णांचा जात नाही. महापालिकेचं अंदाजपत्रक मांडलं जातं तेव्हा आपल्या प्रभागातल्या दवाखान्यावर किती तरतूद आहे ते वाचा. नगरसेवकाला पेव्हर ब्लॉक विचारता तसं बालरोगतज्ज्ञाचं पद किती दिवस रिकामं आहे तेही विचारा. मुलांचे डोस तरी सरकारी दवाखान्यात घ्या. शिकलेली माणसं रांगेत दिसली की रांगेला मान येतो. आणि डॉक्टर मंडळींना, विशेषतः सरकारी महाविद्यालयात जनतेच्या पैशांवर शिकलेल्यांना, आठवड्याचा एक अर्धा दिवस ग्रामीण रुग्णालयाला देता आला तर त्याची किंमत कुठल्याही योजनेत मोजता येणार नाही.

सरकारकडे मागणं थोडं आणि स्पष्ट आहे. आठ टक्के द्या. रिक्त जागा कंत्राटावर न लटकवता कायमच्या भरा. प्रत्येक केंद्राचा औषधसाठा रोज सगळ्यांना दिसेल असा फलकावर लावा. चालू रुग्णालयं विकू नका, भाड्याने देऊ नका. खाजगी दरांना मर्यादा घाला, २०२० मध्ये घातली होती तशी. आणि राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, देशात पहिला; महाराष्ट्राने दुसरा तरी करावा. ज्या राज्याने रोजगार हमी आधी करून देशाला शिकवलं, त्याला हे जड नाही.

आण्णा आता कुबड्यांवर अंगणापर्यंत येतात. मागच्या महिन्यात त्यांचा नातू, बारावीतला पोरगा, आरोग्य केंद्रात गेला आणि गोळ्या नाहीत म्हटल्यावर लेखी मागितलं. पंधरा दिवसांनी सिस्टरांचा निरोप आला, गोळ्या आल्यात, घेऊन जा. एका कागदाने हे झालं.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. या दिवसांतला जो पुढचा येईल त्या दिवशी तुमच्या गावात ग्रामसभा आहे. शहरात असाल तर वॉर्ड ऑफिस रोज उघडं आहे. तिथे उभे राहा, हात वर करा, आणि आपल्या दवाखान्यात आज साखरेच्या गोळ्या आहेत का ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.